तुळशीपाशी पुरलेली तार

रेडिओ मी बोलता केला म्हणता ना, मग खरं ऐका. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून दिवसभर खपलो, तरी खरखर थांबेना. वडलांना, आमच्या आप्पांना, तेवढंच हवं होतं. "शाळा सोडी, आते रेडिओ बी मारी टाका! सांजलोंग बोलना नही ते सकाय औत धर." म्हणजे संध्याकाळपर्यंत रेडिओ बोलला नाही, तर उद्यापासून माझ्या हाती नांगर. स्वतःला बटण फिरवता येत नाही, आणि रुबाब बघा!

तेवढ्यात माहेरी सारंगखेड्याला गेलेली आई परतली. "तुळस वाळी गई, कोणलेच दिसनी नही का रे?" म्हणत तिने तांब्याभर पाणी ओतलं. रेडिओची अर्थिंगची तार मी तिथंच पुरली होती. कोरडी माती भिजली आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

आप्पांनी तुळशीला हात जोडले. मी आईच्या पाया पडलो.