नुसती गिटार

—नाही, नुसत्या गिटारची टेप मिळायची नाही, फोनवर तेच सांगितलं होतं ना तुला? तरी आलीसच काका काका करत. बस. त्या खुर्चीवर नको, कागद आहेत माझे. तुझ्या बापाला म्हणावं, रेकॉर्ड आहे ना घरात, लाव आणि ऐक. काय? व्हायोलिनांमध्ये त्याला स्वतःची बोटं ऐकू येत नाहीत? अगं, त्यासाठीच तर—म्हणजे, अरेंजमेंट अशीच असते. ब्राझीलचं ते बोसा नोव्हा वाजवायचा हा, तेही शेजारच्या खोलीत बाळ निजल्यासारखा, हळू. कोण विकत घेणार ते? मी वर वीस व्हायोलिनं चढवली, चेलो, बासऱ्या चढवल्या, तेव्हा कुठे जॅझवाल्यांनी माना डोलावल्या. नाव माझं झालं, त्याला मी काय करू? धाकट्यानं वाजवायचं आणि थोरल्यानं निस्तरायचं, हेच चालत आलंय आमच्यात. तो गिटार घेऊन बसला की आईच्या हातातलं काम थांबायचं. मी पियानोवर बसलो की म्हणायची, दार लावून घे.

अर्धांगवायू झाला, वाईट झालं. हात गेला, आता तो हात एकदा ऐकायचाय त्याला—कळतं मला, दगड नाही मी. पण टेपच उरली नाही तर देऊ कुठून? बुरशी धरली, फेकून दिली, केव्हाच. आणि होतं काय एवढं तिच्यात? तिसऱ्या गाण्यात खुर्ची करकरते, हा मध्येच हसतो, 'चुकलं, दादा' म्हणतो, आणि ते चुकलेलंच असं काही पुढे नेतो की—

काय बघतेस? आठवतं माणसाला.

बरं, ऐकली. परवा ऐकली. तुझा फोन ठेवला, टेप काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. एक व्हायोलिन लागत नव्हतं तिला. एकसुद्धा नाही. मग रीळ मागे घेतलं, माइक न जोडता रेकॉर्डचं बटण दाबलं आणि चहा टाकायला गेलो. मशीनला काय, शांतता दिली तर जुनं पुसून शांतता भरतं.

रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. आणि हे घे, तीच टेप आहे, घेऊन जा. नाहीतरी हळूच वाजवायचा तो. दादानं दिलीय म्हणावं.

दार लावून घे.