खानावळ कोण चालवतं?

परवान्याच्या रांगेत उभ्या निधीच्या कानावर पुढच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

"माधुरी, फॉर्मात काय विचारलंय?"

"खानावळ कोण रन करतं?"

"रन म्हणजे धावणं ना गं? या गुडघ्यांनी?"

"अगं आई, नाक वाहतं तेही रन, बस सुटते तेही रन. इथे रन म्हणजे चालवणं."

"म्हणजे पहाटे भाजी आणायची, साठ डबे भरायचे, गिऱ्हाइकांची बोलणी खायची, ते?"

"तेच!"

"मग तिथे तुझ्या बाबांचं नाव कसं?"

"नेहमी त्यांचंच लिहितो ना आपण."

"खोड ते! शकुंतला अंबादास तायडे लिही. थांब, पेन इकडे दे. मीच लिहिते!"

निधीने पटकन फॉर्मखाली धरायला आपली फाईल पुढे केली.