ज्वारीतला ससाणा

पक्षी ओळखण्याचा माझा माज कुठे उतरला, सांगतो. पारनेरकडच्या पक्ष्यांची कुळवार यादी करत होतो. ससाण्याच्या कुळापुढची जागा तेवढी कोरी राहिली होती. आणि एका ज्वारीच्या रानात अचानक ससाणा ओरडला! तासभर दुर्बीण फिरवली. ओरडतोय, पण दिसत नाही. वर चिमण्या खुशाल कणसं टिपतायत! माझं डोकंच चालेना. शेवटी बांधावरच्या मावशींना विचारलं, "ससाणा बसतो कुठं?"

"त्यो व्हय? त्या लिंबाच्या झाडात भोंगा बांधलाय. पाखरं हाकलायला ससाण्याचा आवाज लावतो आमी."

"पण पाखरं तर खातायत!"

"त्यांनी पयल्याच दिशी वळखलं, दादा. फसलेले तुमी एकलेच."