मालक आले आहेत

नाही, तुम्ही हसा, पण मला एक सांगा, स्वतःच्या घराच्या फाटकाची कडी माणूस स्वतःच्या हाताने काढतोय, दुसऱ्या हातात आईने मागवलेला साबण आहे, आणि आतून एक बाई, ती दिसत नाही, नुसता आवाज, विमानतळावर असतो तसा गोड, ती म्हणते, "दारात अनोळखी व्यक्ती आहे," तर त्या माणसाने करायचं काय? साबण दाखवायचा? मी दाखवला. वर कॅमेऱ्याकडे बघून, नीट, दोन्ही बाजूंनी दाखवला. तर तिने तोच फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिला. दाढीवाला इसम, हातात काहीतरी घेऊन कॅमेऱ्याला धमकावतोय. आणि कॅमेरा निवडला कुणी? मी.

मुळात चोरीला गेला नळ. अंगणातला, झाडांना पाणी घालायचा, पितळी. कुणीतरी पिळून काढून नेला आणि पाणी वाहत राहिलं ते पार रस्त्यापर्यंत. शेजारीण बेल वाजवून सांगायला आली की तुमचं अंगण आमच्याकडे आलंय, घेऊन जा. झालं, घरात बैठक बसली. बाबा त्यांच्या खुर्चीत, काका कोचावर, आत्या फोनवर, दादा त्याच्या गावाहून व्हिडिओवर, त्याचं निम्मं कपाळ तेवढं दिसतंय. नळ एक आणि तज्ज्ञ चार. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात, वेळेआधी निवृत्त झाले आणि तेव्हापासून पूर्णवेळ मतं देतात. ते म्हणाले, "खरा कॅमेरा घ्यायचाच कशाला? नुसता डबा लावा, आत लाल दिवा. चोराला काय कळतंय."

म्हटलं, "आणि चोरी झाली तर बघायचं काय काका, डबा?"

"तू मध्ये बोलू नकोस, तू शिक्षण सोडलंयस."

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे कुठलाही मुद्दा या एका वाक्याने निकालात निघतो. मी म्हटलं दूध उतू जातंय, तरी तू शिक्षण सोडलंयस. दूध काय पदवी बघून उतू जातं?

तेवढ्यात बाबा म्हणाले, "हाच निवडू दे. कॉलेज सोडलं, पण इंटरनेट तरी सोडलेलं नाही ना त्याने."

टोमणा होता, मला कळलं, मी काय एवढा... पण माणसाचं कसं असतं बघा, मी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. हाच निवडू दे. कॉलेज सुटल्यापासून या घरात मला साबण आणि कोथिंबिरीपलीकडे काही निवडू दिलेलं नव्हतं. मनात म्हटलं, हे काम असं करायचं की पुन्हा बाबांनी आपलं नाव नुसतं घेतलं तरी सोबत कॉलेज येता कामा नये.

मग मी जे वाचलं, जे वाचलं... तेवढं परीक्षेला वाचलं असतं तर, हे मी नाही म्हणत, आई म्हणाली. पण खरंच बघावं लागतं हो. बॅटरीचा घेतला तर दर महिन्याला शिडी लावून उतरवा आणि चार्ज करा, आणि शिडी कुणाच्या गळ्यात येणार हे काय सांगायला हवं? मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच ठेवलं तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावाही घेऊन जाणार. तोंड उगवतीकडे केलं तर सकाळी येणारा प्रत्येक माणूस नुसती काळी सावली. पाऊस, धूळ, मांजर... मांजर तर मोठाच प्रश्न, साधा कॅमेरा मांजर गेली तरी फोन वाजवतो. म्हणून मी शोधून शोधून असला काढला की जो माणसांचे चेहरे ओळखतो, घरचे कोण, परके कोण, आणि कोण आलं ते आतल्या डब्यातून मराठीत सांगतो. कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालकसुद्धा म्हणाला, "एवढे प्रश्न आमची माणसं नाही विचारत." मी फुगलो. शिडीवर चढून मीच बसवला, वायर भिंतीतून मीच ओढली. आणि कॅमेरा निवडला कुणी? मी, अजून वेगळं काय सांगू.

आता त्यात घरच्यांचे चेहरे आणि नावं भरायची होती. बाबा म्हणाले, "दे इकडे. घरचे कोण ते मी ठरवणार." चष्मा कपाळावर, एका बोटाने टाइप. स्वतःच्या फोटोखाली लिहिलं, मालक. आईच्या फोटोखाली लिहिलं, सौ. आता ती डब्यातली बाई, तिला काय कळणार, आई बाजारातून आली की म्हणते, "सौ आले आहेत." जणू शंभर जण जेवायला आले. दादाचं लिहिलं, चिरंजीव. मग वहिनी, मग काका, मग आत्या. फुकटात सहाच चेहरे बसतात. सहा झाले. मी बाबांच्या खुर्चीमागे उभा, बघतोय.

म्हटलं, "बाबा, मी?"

"तुझं काय?"

"माझा चेहरा."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, म्हणजे दाढीकडे बघितलं, आणि म्हणाले, "तू घरीच तर असतोस. तुला ओळखायला कॅमेरा कशाला हवा?"

याला उत्तर आहे का तुमच्याकडे? दादा वर्षातून एकदा येतो तो चिरंजीव, वहिनी त्याच्या पाठोपाठ, आत्या तर कुणाचं लग्न निघालं तरच, आणि मी, ज्याने भिंतीला भोक पाडलं...

मग सुरू झालं. दूध आणायला जा, अनोळखी. कचरा टाकून ये, अनोळखी. दादाचा तिकडून फोन, "आई, दारात एक माणूस उभा आहे, चेहरा सराईत वाटतोय, दार उघडू नकोस." काकांनी तर कमाल केली, चष्मा न लावता माझा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, "सदर इसम आपल्या गल्लीत वारंवार फिरताना आढळतो. सावध राहा." खाली बावीस जणांचे हात जोडलेले. कोपऱ्यावरचा रखवालदार मला लहानपणापासून ओळखतो, तो म्हणाला, "दादा, विचारावं तर लागेल, फोटो आलाय." मी बाबांकडे गेलो तर ते म्हणाले, "बघू. आत्याला काढतो आणि तुला घालतो. पण तिला समजावून तू सांगायचं." आत्याला समजावणार कोण? ती डब्याशीसुद्धा भांडेल.

असं चाललेलं असताना त्या दुकानाच्या मालकाचा फोन आला. म्हणाला, माणूस हवाय, कॅमेरे बसवायला येतोस का, पण दाढी काढून ये, अनोळखी दाढीवाला शिडीवर चढलेला गिऱ्हाइकांना नको असतो. म्हटलं, मला विचारा. काढली. दुकानात गेलो, काम पक्कं झालं, आणि भर दुपारी घरी निघालो, रस्ताभर ठरवत की हे आईला आधी सांगायचं की संध्याकाळी बाबांना समोर बसवून सांगायचं. फाटकाची कडी काढली. वर बघितलं, सवयीने. ती म्हणाली, "मालक आले आहेत."

मी वळून मागे बघितलं. मागे कुणी नाही.

आणि आत काय झालं, ते मला खिडकीतून दिसलं, ते सांगतो. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं ते मध्येच बंद झालं. आई हसत होती तीही बंद झाली, उठली, पदर सारखा करत आत गेली. बाबांच्या खुर्चीत काका पाय वर घेऊन बसले होते, आमचे काका, सगळ्या जगाला अक्कल शिकवणारे, ते चपला हातात घेऊन अनवाणी मागच्या दाराने गेले. मी हॉलमध्ये येईपर्यंत कुणी नाही. उशीला काकांचा खड्डा तसाच, टीव्ही कोमट, पंखा गरागरा फिरतोय आणि खाली माणूस नाही.

मला बातमी सांगायची होती हो. उड्या मारत आलो होतो. आणि सांगू कुणाला, पंख्याला? मग डोक्यात आलं, बाबा रोज येतात ते इथेच येतात. या खोलीत. आणि ते आले की सगळ्यांत आधी पळणारा जो असतो, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या, तो... जाऊ दे. दाढीच ठेवायला हवी होती.

संध्याकाळी बाबा आले ते फोन हातात धरूनच. म्हणाले, "मी ऑफिसात बसलोय आणि हा सांगतो मी घरी पोचलो. म्हटलं, बघू तरी कसा पोचलो." खुर्चीत बसून त्यांनी तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग म्हणाले, "पोकही माझ्यासारखंच काढतोस."

म्हटलं, "मला काम लागलंय. कॅमेरे बसवायचं."

"लोकांच्या घरांवर?"

"हो."

"नीट बसव." एवढंच, पण त्यात कॉलेज नव्हतं, मी दोनदा तपासलं. मला वाटलं, आता... आज आत्या यादीतून गेली. म्हटलं, "मग माझं नाव घालता ना?"

ते म्हणाले, "आता कशाला? माझ्यात भागतंय ना तुझं. उगीच आत्याचं मन कशाला मोडायचं?"

तर असं आहे. रोज काम करून दमून येतो, हात सिमेंटचे, ती म्हणते मालक आले, आत टीव्ही बंद होतो, मागचं दार वाजतं. मी ओरडतो, "अगं आई, मी आहे," पण तोवर आई आत गेलेली असते. एकदा दाढी वाढवायचं ठरवलं, तर दुकानदार नको म्हणाला. आणि कॅमेरा निवडला कुणी, ते तुम्हाला माहीतच आहे.

परवा तर हद्द झाली. आलो, बूट काढले, रिकामा हॉल, कुणी नाही, आणि तुम्हाला सांगतो, माझी इच्छा नव्हती, तोंडातून आपोआप निघालं, आवाजसुद्धा बाबांचाच, "कुणाच्या बापासाठी फिरतोय हा पंखा?"

मीच उठून बंद केला.