दुसरं जनुक

हॅलो?… हो, मंदाकिनीच बोलतेय. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… बोल तनया.

मेल वाचलीस ना?… हो, हो… अगं ऐक ना आधी. त्या बाहेरच्या लॅबने आपल्या पेपरमधला प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा त्यांचं यीस्ट मेलं. आपलं तेवढं जगलं. पुण्याचं पाणीच चांगलं, असं कळवू का त्यांना?

सोमवारी तुझी व्हायवा आहे. थोडी आत्ताच घेते. यू-थ्री काय करतो?… मोठ्याने बोल… हो. छोटासा आरएनए. रायबोसोमच्या लांबलचक कच्च्या आरएनएला धरतो, म्हणून तो योग्य जागी कापला जातो. नाही धरलं तर?… रायबोसोम नाही, पेशी मेली. छान. यीस्टमध्ये यू-थ्रीची जनुकं किती?… दोन. आणि तुझ्या यीस्टमधून प्रत्यक्षात किती गेली होती?

… ऐकू आलं नाही.

एक. म्हणजे दुसरं आत शाबूत. तू मोडका यू-थ्री घातलास, काम आतल्या चांगल्याने केलं, आणि आपण जगाला सांगितलं की मोडक्यावरही भागतं. पाच वर्षं, तनया. एवढ्यात लोकांची मुलं शाळेत जायला लागतात.

नाही, चिडलेली नाही मी. पत्र लिहितेय. पेपर मागे घेतो, चूक विद्यार्थिनीची, थिसिसही मागे… मग कुणाची? गाइडची? म्हणजे माझी?

… थांब. काय म्हणालीस?… मी दिलेलं यीस्टच तसं होतं?… कुठली जुनी ट्यूब?… तपासलीस? कधी?… काल. मला न विचारता… नाही, नाही, चांगलंच केलंस. खरंच. आणखी कुणाला सांगितलंस?… लॅबमधल्या सलिललाही नाही?… वडिलांना. बरं. त्यांना काय कळणार आहे त्यातलं.

हे बघ, तू लोणी काळभोरला. यायचं म्हटलं तर दीड तास. मी लॅबमध्येच आहे, फ्रीजरसमोर. कुठे ठेवलीयस सांग, माझ्या डोळ्यांनी बघते, विषय मिटला… तिसरा रॅक… सातवा बॉक्स… डी-फोर. थांब, हातमोजे घालते. फोन स्पीकरवर आहे, बोल तू.

… हं. मिळाली. बर्फ पुसते जरा… ‘दोन्ही जनुकं काढलेली.’ आणि तुझ्या तपासणीत एकच गेलेलं. दोन हजार अठरा. अक्षर माझंच आहे. तेव्हा तू बी.एस्सी.ला असशील… बरोबर आहे तुझं. चूक तुझी नव्हतीच.

… अगं, रडतेस काय… हो. हो, सांग ना आईला. थांबते मी.

… सांगितलंस? जेवलीस का?… दोन दिवस नाही? असं करू नये. बरं, ह्यातलं थोडं काढून दुसरीकडे ठेवलंयस ना?… नाही? एवढंच आहे?… कालच्या डीएनए तपासणीच्या जेलचा फोटो आहे, ते ठीक. पण फोटोत पट्ट्या दिसतात, बाळा. कुणी भरलेली ट्यूब, कुठल्या साली, ते दिसत नाही… छे गं, सहज विचारलं.

एक मिनिट हं. सुशीलाबाई… अहो सुशीलाबाई, ती काचेची भांडी नंतर धुवा. कचऱ्याचा ऑटोक्लेव्ह लावताय ना? ही एक टाका त्यात… नाही, उघडू नका, तशीच टाका. आणि वाफ नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवा.

… हं, बोल तनया… काय टाकलं? कचरा. शनिवारी टाकतातच… कुठली ट्यूब?… डी-फोर रिकामंच आहे गं. पाहिलं ना मी आत्ता, तुझ्यासमोर.

… हळू बोल. फोन स्पीकरवर आहे, बाईंना ऐकू जातं.

… पत्र संध्याकाळपर्यंत मेल करते. सही करून लगेच पाठव. नाही केलीस तरी चालेल, ते तुझ्या सहीवाचूनही जातं. केलीस तर एवढंच लिहीन, की मुलगी प्रामाणिक आहे, चूक कबूल केली… नाही, यायची गरज नाही. लॅबचं तुझं कार्ड मी बंद करायला सांगतेय.

आणि वडिलांनी सोमवारची रजा टाकली असेल ना?… मागे घ्यायला सांग. ठेवते.