अंगरख्यातून आलेला मुलगा

मंडळी, आज कीर्तनात एक प्रश्न घेऊन उभा आहे. नातं आपण होऊन जोडलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती हं, आणि पुढे ते पटेनासं झालं. तर मोडता येतं का? — एवढ्यात माना हलवू नका! आधी ऐका.

लांबची गोष्ट आहे. इटली देशाच्या पार दक्षिणेला, समुद्राकाठी, जुन्या काळी एक राज्य होतं. खरं किती, खोटं किती, मला विचारायचं नाही. मी काही तिथं गेलेलो नाही, तिकीट परवडत नाही!

तिथली राणी आल्त्रुदा. नवरा वारलेला, पोटी मूल नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची गादी, आणि बसायला कोणी नाही! शेजारच्या राजांच्या तोंडाला पाणी सुटलं. जहाजं किनाऱ्याशी घिरट्या घालायला लागली. राणीला रात्रंदिवस एकच घोर — घराणं माझ्या हातून बुडायचं!

मग तिनं दत्तक घ्यायचं ठरवलं. कुणाला? उत्तरेकडचा एक सरदार, गॉफ्रेदो. पदरी भरपूर घोडेस्वार. राणीला खरं तर मुलगा नको होता, मंडळी. घोडे हवे होते!

आता तिथली दत्तकाची रीत ऐका. आपल्याकडे मांडीवर बसवतात ना? तिथं आई एक मोठा, घोळदार अंगरखा घालायची, आणि मुलानं खालून आत शिरून गळ्यातून बाहेर यायचं. भर दरबारात! म्हणजे जन्मच झाला म्हणायचा. आता हा गॉफ्रेदो — दाढीमिशांचा, खांबाएवढा बाप्या! आत गुडघ्यावर रांगतोय, डोकं अडकलंय, राणी म्हणतेय, “अरे, हळू! शिवण उसवेल!” अखेर लालबुंद तोंड बाहेर आलं. आणि तो काय म्हणाला? “आई.” झालं, राणीला मुलगा झाला!

गॉफ्रेदोनं शत्रूची जहाजं पिटाळली. किल्ले दुरुस्त केले. आयतोबा सरदारांना घरी बसवलं. आणि एक दिवस दरबारात राजाच्या खुर्चीत बसला.

राणीच्या काळजात चर्र झालं. माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत! — अहो बाई, मग राजानं बसायचं कुठं? पाटावर? पण मन ऐकतं का? घरी बसवलेले सरदार होतेच कान भरायला. “बाईसाहेब, परका तो परकाच.” राणीलाही वाटायला लागलं, शिपाई म्हणून आणला, हा तर मालक झाला!

गॉफ्रेदो सरहद्दीवर गेलेला पाहून तिनं नवऱ्याच्या लांबच्या पुतण्याला बोलावलं. राइनाल्दो. गोड बोलणारा! “काकी, तुमची सावली पडली तरी पुरे.” राणी विरघळली. पुन्हा तोच अंगरखा, पुन्हा दरबार, हाही आला गळ्यातून बाहेर. राणी म्हणाली, “आता पहिला रद्द!”

म्हातारे धर्मगुरू मावरो तिथं बसले होते. ते म्हणाले, “बाईसाहेब, रद्द कसा? तुम्हाला आता दोन मुलगे झाले. तो थोरला, हा धाकटा.”

“मी मोडलं म्हणते ना!”

“जन्म द्यायची रीत आहे आपल्यात. परत पोटात घालायची नाही.”

राणीनं ऐकलं नाही. तिनं निरोप धाडला — तू माझा कोणी नाहीस.

आता काय होणार? गॉफ्रेदो आला! सगळं घोडदळ घेऊन वेशीशी उभा. राइनाल्दोची पाचावर धारण बसली. म्हणतो कसा, “काकी, तुम्ही तटावर पुढे उभ्या राहा. तुम्ही दिसलात की तो बाण सोडायचा नाही!” बघा, सावली कशाला हवी होती! आणि स्वतः हा तिच्या मागे दडला. राणीला तिथंच कळून चुकलं. पण हट्ट वाईट. ती उभी राहिली.

खालून गॉफ्रेदो ओरडला, “आई, खाली ये. काय ते समोरासमोर बोलू.”

“आई म्हणू नकोस! तू माझा कोण लागतोस?”

तो घोड्यावरून उतरला. म्हणाला, “तेच विचारायला आलोय. गादी दे याला, मी भांडत नाही. पण तुझ्या अंगरख्यातून बाहेर आलो त्या दिवशी तुमच्या रीतीनं मला माझी आई तुटली. गेल्या हिवाळ्यात ती वारली. मी गेलो नाही. खांदा दिला नाही, सुतक धरलं नाही — का? तर मी दुसऱ्या घरचा. आज तू म्हणतेस, तू माझा नाहीस. मग मी रडायचं कुणाच्या दारात?”

मंडळी, एवढे दिवस राणी म्हणत होती, मी याला राज्य दिलं. आपण कुणाचं काय घेतलं, हे एकदाही मनात आलं नव्हतं!

ती तटावरून उतरली. वेस उघडायला लावली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, “काय नाव होतं रे तिचं?”

“बेरार्दा.”

एवढ्यानंच राणीला रडू कोसळलं. तिनं काळी वस्त्रं मागवली. त्या न पाहिलेल्या बाईचं सुतक राणीनं स्वतः धरलं, गॉफ्रेदोला शेजारी बसवून. दोघं पोटभर रडली. मग गादी त्याच्याकडेच राहिली. राइनाल्दोचं काय? गॉफ्रेदो म्हणाला, “धाकटा भाऊ आहे, सांभाळतो मी.”

हं! आता इटलीतून परत या. समोर बसलेल्या सासूबाई, सासरेबुवा, तुमच्याकडेच बघतोय. घरात सून आणली. वाजतगाजत आणली. “आम्हाला सून नको, मुलगीच हवी,” असं कोण म्हणालं होतं? मी म्हणालो होतो? आणि भाजीत मीठ जास्त पडलं की, “जा तुझ्या माहेरी!” अहो, माहेरी आता ती पाहुणी आहे. तुम्हीच केलीत तिला पाहुणी!

तिचे वडील गेले तेव्हा चार दिवस जास्त राहिली, तर आपण फुगून बसलो होतो. आठवतंय? त्यांच्यासाठी आपल्या घरात कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं होतं का? — खाली बघू नका. पेटीवाले, जरा थांबा, सूर धरू नका. ज्यांनी काढलं होतं, त्यांनीच टाळी धरायची. बाकीच्यांनी घरी जायचं, सुनेजवळ बसायचं आणि म्हणायचं, “पोरी, तुझ्या वडिलांचं काहीतरी सांग.” भजन आपण त्यानंतर म्हणू.