मामाचं प्रतिज्ञापत्र

तुरुंगात भेटीच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. तिचा मुलगा आत होता. त्याचा खटला याच भावानं, म्हणजे मुलाच्या मामानं, चालवला होता.

“दादा, हे काय लिहिलंयस? ‘मी या कामास सर्वस्वी अपात्र होतो’?”

“नव्या वकीलबाईंनी मागितलंय. अपिलात लागतं.”

“माझ्या भावाला अपात्र म्हणायची कुणाची टाप आहे?”

“अगं, जन्म गेला माझा घरांची खरेदीखतं करण्यात. शिक्षा सुनावण्याआधी जजसाहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का? मी म्हटलं, नाही.”

“त्या दिवशी तुझी तब्येत बरी नव्हती.”

“तब्येत ठणठणीत होती. घाबरलो होतो. भांडणात ज्याचं डोकं फोडलं, त्याला पोरानंच उचलून दवाखान्यात नेलं, एवढंसुद्धा मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं, तर शिक्षा निम्म्यावर आली असती.”

“पण त्याला तूच हवा होतास. माझा मामा असताना परका वकील कशाला, म्हणाला.”

“तिथंच फसला बिचारा.”

“हे वाचून लोक तुला नावं ठेवतील रे.”

“ठेवू देत. मी जेवढा नालायक ठरेन, तेवढं पोरगं लवकर घरी येईल.”

रांग थोडी पुढे सरकली.

“दादा, पेन आहे?”

“आहे. का गं?”

“नुसतं ‘घाबरलो’ लिहिलंयस. पाय लटपटत होते, तेही घाल. मी मागच्या बाकावरून बघत होते.”